पुण्याचं वकीलपत्र

आमचे वकीलसाहेब बनियनवर काळा कोट घालायचे. कोर्टात नव्हे. कोर्टात ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला बँड, सगळं नियमाप्रमाणे घालून जात. बनियनवरचा कोट घरचा, जुना, कोपरांवर विरलेला. पदमपुऱ्यात त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला तीन बिऱ्हाडं भाड्याने राहत, त्यातलं एक आमचं. बिऱ्हाडांमध्ये काही वाजलं, की साहेब ओसरीतल्या खुंटीवरून तो कोट काढून चढवत, वेताच्या खुर्चीत बसत आणि विचारत, "हं. मुद्दई कोण?"

मुद्दई म्हणजे दावा लावणारा. साहेबांचे वडील निजामाच्या काळात अदालतीत कारकून होते. त्यामुळे घरात असले शब्द रोजच्या भांड्यांसारखे वापरात होते. उलटतपासणीला साहेब जिरह म्हणत, आणि जिरह केल्याशिवाय त्यांना मेथीची जुडीसुद्धा घेता येत नसे. खुलताबादकडून एक म्हातारी सकाळच्या एसटीने भाजीची पाटी घेऊन यायची. तिला त्यांनी एकदा गाठलं.

"मेथी आजची?"

"आजचीच की."

"तू स्वतः उपटलीस?"

"नाय, लेकानं उपटली."

"तू पाहिलंस उपटताना?"

"नाय."

"मग आजची कशावरून? हा ऐकीव पुरावा झाला."

म्हातारीने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "साहेब, तुमचा जलम कोणत्या तारखेचा? अन् तुमी सोता बगितलं व्हतं का जलमताना?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून त्या म्हातारीशी त्यांनी कधी घासाघीस केली नाही. ती दिसली की म्हणत, "या बाईनं वकिलीची सनद घ्यायला पाहिजे होती. आमची दुकानं बंद पडली असती."

मला याद्या करायची सवय आहे. किराणा, तारखा, अशिलांचे कागद, लग्नाला द्यायचे आहेर, सगळं यादीत. साहेबांचीही एकदा यादी करून पाहिली. चहात साखर नाही, पण बशीत वेगळी साखर, आणि ती चिमटीने खायची. पाऊस असो नसो, हातात छत्री. रस्त्यात कोणी "काय म्हणता?" विचारलं, की "कशाबद्दल?" यादी लांबत गेली आणि माणूस काही तिच्यात सापडेना. म्हणून जसं आठवेल तसं सांगते आहे. एरवी मी असं करत नाही.

त्यांच्या ओसरीवरच्या अदालतीत एकच कायदा होता. आपली बाजू आपण मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. मांडणी ज्याची सरस, त्याने मांडलेली बाजू जिंकली.

माझ्या आईने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी मी चांगलं बोलले तर फायदा तिचा? मग कोण कशाला चांगलं बोलंल?"

"तेच तर पाहायचं असतं, वहिनी," साहेब म्हणाले. "मुद्दाम वाईट बोलणाऱ्याचा चेहरा लगेच पकडता येतो. तीस वर्षं तेच करतोय."

हे पाण्यावरून झालं होतं. ती दुष्काळाची वर्षं. नळाला पाणी कधी येईल ते महानगरपालिकेलाही ठाऊक नसायचं. अंगणातला हौद तीन बिऱ्हाडांत वाटून घ्यायचा, आणि शेजारच्या खोलीतल्या मास्तरांच्या बायकोने दोन घागरी जास्त नेल्या असं आईचं म्हणणं. कायद्याप्रमाणे आईला मास्तरीणबाईंची बाजू मांडायला उभं राहावं लागलं. आधी ती नुसती फुरफुरली. मग हळूहळू म्हणाली, यांची सासू अंथरुणाला खिळलीय, चादरी रोज धुवाव्या लागतात, आणि वास येऊ नये म्हणून ही बाई दारं लावून बसते. बोलता बोलता तिचा आवाज उतरला. पलीकडे मास्तरीणबाई सांगू लागल्या की यांच्या घरधन्याच्या अंगावर कंपनीचं काळं तेल असतं, एका बादलीत ते निघतं का! साहेबांनी निकाल दिलाच नाही. दोघी हौदाशी जाऊन एकमेकींची घागर भरू लागल्या, तेव्हा त्यांनी कोट काढून खुंटीवर टांगला.

एवढा हुशार माणूस, पण त्यांच्याकडे ज्युनियर टिकत नसत. ज्युनियरला ते आधी विरुद्ध पक्षाची कैफियत लिहायला लावत, ती मनासारखी झाल्यावर मग आपली. सहा महिन्यांत पोरगा कंटाळायचा आणि हायकोर्टाच्या खंडपीठातल्या कुणा वकिलाच्या ऑफिसात जायचा. साहेबांना मूलबाळ नव्हतं. घरातच, कायद्याच्या पुस्तकांनी भरलेल्या ऑफिसच्या खोलीत संध्याकाळी ते एकटेच बसलेले दिसत. काकू आतून हाक मारत, "अहो, भिंतीशी काय बोलताय?" साहेब म्हणत, "युक्तिवाद चाललाय. भिंत बरी आहे, तारीख मागत नाही."

बारावीला मला चांगले मार्क पडले. वकील व्हायचं हे त्या ओसरीवर बसून बसून केव्हाच ठरलेलं होतं. त्या वेळी आम्हाला एकच रस्ता माहीत होता, आधी पदवी, मग तीन वर्षं एलएलबी. प्रश्न पदवीचा होता. पुण्याच्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं होतं. दगडी इमारत, मुलींचं वसतिगृह, मोठं ग्रंथालय. मला तिथेच जायचं होतं. बाबा नको म्हणत होते. ते चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आणि पाण्याअभावी कारखान्याची एक पाळी बंद पडली होती. "पदवी हितं कर," ते म्हणायचे. "सायकलवर जाशील, सायकलवर येशील. पुढं वकिलीला पुण्याला जा, तवा बगू." मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी आई म्हणाली, "साहेबांकडं चला."

साहेबांनी कोट चढवला. आम्हा दोघांना समोरच्या बाकावर बसवलं. ते मला लहानपणापासून मुद्दईच म्हणत, कारण माझी सतत कसली ना कसली मागणी असे.

"मुद्दईला पुणे पाहिजे. म्हणजे मुद्दई गावातल्या कॉलेजची बाजू मांडेल. सुपरवायझर, पुण्याचं वकीलपत्र तुमच्याकडे."

"मी काय बोलू, साहेब?" बाबा म्हणाले.

"नंतर बोला. आधी ही बोलेल."

मी उभी राहिले. तयारी करून आले होते. बसमधून येणाऱ्या बाबांची वाट बघता बघता मुद्दे पाडून ठेवले होते. एक, वकिलाच्या दारावरच्या पाटीवर लोक एलएलबी वाचतात, बी.ए. कुठून केलं हे अशील विचारत नाही. दोन, आता वाचलेला पैसा पुढे लॉ कॉलेजला आणि वकिलीच्या पहिल्या वर्षांना पुरेल, तेव्हा हाताशी काहीच येत नसतं. आणि तीन, इथे राहिले तर कॉलेज सुटल्यावर रोज संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसात बसता येईल. समोर अदालत रोड, कोर्ट हाकेच्या अंतरावर. लोक तीन वर्षांनी जे शिकायला लागतात ते मी आजपासून शिकेन.

"तिसरा मुद्दा पुन्हा मांड," साहेब म्हणाले.

मी पुन्हा मांडला, आणखी सजवून. आपण बोलतो आहोत आणि ऐकणाऱ्याची मान हलते आहे, याची नशा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. मला पुण्याला जायचं होतं हे मी विसरूनच गेले.

मग बाबा उठले. हातातली टोपी त्यांनी बाकावर ठेवली, परत उचलली.

"मी बोलणारा माणूस नाय, साहेब. पण बगा, आमच्या कंपनीत पुण्याचे पोरं येत्यात. लई शिकलेले नाय, साधे बी.ए. झालेले, ऑफिसात. आल्या आल्या मॅनेजरच्या पुढं खुर्ची वढून बसत्यात. बसून बोलत्यात. माझी इतकी वर्षं झाली, मॅनेजर मला 'बसा' म्हनतो, तरी मला बसता येत नाय. पाय वाकतच नाय. हे कुनी शिकवलं त्यांला? पुस्तकात तर नसंल. तसल्या कॉलेजात तसलेच पोरं असत्यात, त्यांच्यात ऱ्हाऊन ऱ्हाऊन येत असंल. माझी पोरगी तीन वर्षं तिथं ऱ्हायली, तर तिला खुर्चीचं भ्या वाटनार नाय. अन् वकिलाला तर..."

इथे ते थांबले. शब्द शोधू लागले. टोपी या हातातून त्या हातात गेली. "वकिलाला तर, साहेब... म्हंजी..."

"अगं, चहा आण!" साहेबांनी आत हाक मारली.

चहा आला. बाबा उभेच होते. "एवढंच," ते म्हणाले आणि बसले.

साहेबांनी बशीतली साखर चिमटीने खाल्ली. म्हणाले, "सुपरवायझर, तुम्ही मनापासून बोललात. पण पुरावा नाही. मुद्दईनं गावातलं कॉलेज जिंकून दिलं."

मी जिंकले होते. मला घरी येईपर्यंत कळलं नाही की काय जिंकले. आणि बाबा, जे घरून निघताना गावातल्या कॉलेजच्या बाजूचे होते, ते परतताना पुण्याचे झाले होते. जेवताना आईला म्हणाले, "मला नीट बोलता आलं नाय. शेवटचंच मेन व्हतं, ते तोंडातच ऱ्हायलं."

"मग धाडा की पुण्याला," आई म्हणाली. "साहेबांचं म्हननं काय सरकारी हुकूम हाय?"

"निकाल मोडायचा? मग कायदा कशाला शिकायचा पोरीनं?"

मी गावात शिकले. वाईट झालं असं म्हणणार नाही. सायकल, कॉलेज, संध्याकाळी साहेबांचं ऑफिस. पुढे एलएलबीही इथेच; तोवर घरात तोच रुळलेला रस्ता झाला होता. मी त्यांची टिकलेली एकमेव ज्युनियर. विरुद्ध पक्षाची कैफियत लिहून लिहून माझा हात असा बसला, की समोरचे वकील मला विचारत, मॅडम, आमच्या ऑफिसात तुमचं कोण आहे? साहेब खूश असत. काकू मला संध्याकाळी पोहे देत आणि म्हणत, "तू आलीस तेव्हापासून भिंत सुटली बाई."

बाबा मात्र दर काही महिन्यांनी तेच म्हणायचे. मी एखादा दावा जिंकले तरी, हरले तरी. "मी त्या दिवशी नीट बोललो असतो, तर तू आज कुठल्या कुठं असतीस." आम्ही हसण्यावारी न्यायचो. शहराबाहेर मुकुंदवाडीला दोन खोल्या बांधून आम्ही तिकडे गेलो, शहर आमच्या मागे मागे येऊन आमच्याही पुढे निघून गेलं, ज्वारीच्या रानांत प्लॉट पडले, बाबा निवृत्त झाले, पण हे वाक्य काही निवृत्त झालं नाही.

साहेब ऐंशीच्या घरात असतानाची गोष्ट. पुन्हा तसाच दुष्काळ, रस्तोरस्ती टँकर. रस्त्यासाठी गेलेल्या एका जमिनीचं अपील खंडपीठात चाललं होतं आणि तिथल्या एका मोठ्या वकिलांशी बोलायला आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. ते वयाने माझ्याहून लहान. साहेब बसले. ते वकील मला म्हणाले, "बसा ना मॅडम." मी म्हटलं, "राहू द्या, बरं आहे." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले. मी फायली छातीशी धरून शेवटपर्यंत उभीच राहिले. बोलले मात्र सगळं नीट, मुद्देसूद.

परतताना रिक्षात साहेबांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "तू बसली नाहीस."

"हातात फायली होत्या."

"मुद्दई, मी जिरहमध्ये आयुष्य घालवलंय. टेबल रिकामं होतं. तू त्या इमारतीत इतक्या वर्षांत एकाही ऑफिसात बसलेली नाहीस. आज मला दिसलं. म्हणजे, आज मी बघितलं." ते छत्रीची मूठ चोळत होते. "तुझ्या वडिलांनी पुरावा दिला होता. मी म्हटलं, पुरावा नाही."

"जाऊ द्या, साहेब. किती जुनं ते."

"तू तिसरा मुद्दा मांडलास. संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसात बसेन म्हणालीस. त्याच क्षणी मी खुर्चीतून उठायला पाहिजे होतं. मला तू इथं पाहिजे होतीस. ज्याचा स्वतःचा फायदा गुंतलाय त्यानं निकाल द्यायचा नसतो. त्या दिवशी मी मुन्सफ नव्हतो गं. मी पक्षकार होतो."

समोर एक टँकर गळत चालला होता आणि त्याच्यामागे रस्ता ओला होत होता. मला राग आला नाही असं नाही. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "बाबा अजून म्हणतात, मी नीट बोललो असतो तर."

"काय?"

"त्यांना वाटतं, ते अडखळले म्हणून माझं पुणं हुकलं."

साहेबांनी छत्री रिक्षावाल्याच्या सीटवर आपटली. "अरे, वळव. मुकुंदवाडी."

बाबा दारापुढे टँकरच्या पाइपने ड्रम भरत होते. साहेबांना पाहून त्यांनी ओले हात धोतराला पुसले, खुर्ची आणली, पाणी दिलं. स्वतः पायरीवर टेकले. साहेबांनी पेला हातात धरूनच सुरुवात केली.

"सुपरवायझर, हिच्या कॉलेजचा निकाल मी दिला होता. आठवतं?"

"इसरंल कसं, साहेब?"

"तो निकाल चुकीचा होता."

बाबा माझ्याकडे बघून हसले. "काय झालं आज? कोर्टात काय वाजलं का?"

"विचारतो तेवढंच सांगा. तुमचं बोलणं चालू असताना मी चहा मागवला की नाही?"

"मागवला."

"म्हणजे बोलणाऱ्याला मधेच तोडलं."

"छ्या! माझा घसा सुकला व्हता, म्हनून मागवला तुमी."

"मी तसं म्हटलं होतं?"

"म्हनायला कशाला पायजे? दिसतंच की मानसाला."

"हिला मी एक मुद्दा पुन्हा मांडायला लावला. तुम्हाला लावला?"

"माझ्याकडं दुसऱ्यांदा मांडन्यासारखं व्हतं काय?"

साहेबांचा आवाज चढला. जिल्हा कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना या आवाजाने घाम फुटलेला मी पाहिला आहे. "मला ज्युनियर पाहिजे होती. माझ्या फायद्यासाठी मी तुमच्या विरुद्ध निकाल दिला. हे मी तुमच्या दारात बसून कबूल करतोय. आता तरी म्हणा, की तुमच्यावर अन्याय झाला."

बाबा उठले. त्यांनी साहेबांच्या हातातला पेला काढून घेतला. "असं बोलू नका, साहेब. तुमचा जीव हाय पोरीवर, म्हनून तुमी सगळं सोतावर घ्यायला लागले. ही फाडफाड बोलली, मी अडखळलो. तुमी तरी काय करनार?"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "साक्षीदार फितूर झाला." त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "समोरच्याला फितूर झालेले पुष्कळ पाहिले. स्वतःविरुद्ध फितूर झालेला हा पहिला."

बाबांनी त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले आणि आत येताना मला म्हणाले, "थकले गं साहेब. कायबी डोक्यात घेऊन बसत्यात. एकटं सोडत जाऊ नको त्यांला."

त्यानंतर साहेब फार दिवस नव्हते. शेवटच्या दिवसांत मी गेले की ते एकच विचारायचे, "सुपरवायझर बोलले का?" मी नाही म्हणून मान हलवायचे. ते डोळे मिटून घ्यायचे.

ते गेल्यावर काकूंनी ऑफिसची किल्ली माझ्याकडे दिली. मी पुस्तकांची यादी केली, कुठलं कुठे द्यायचं ते ठरवलं, कपाटं पुसून घेतली. दुपारी बाबा माझा डबा घेऊन आले. मी टेबलाच्या या बाजूला बसले होते, ते दाराशी उभे. मी "बसा" म्हटलं. ते पुस्तकांच्या खोक्यावर बसले.

"मी नेमकं काय बोललो व्हतो गं त्या दिवशी?" ते म्हणाले. "मला आता अडखळलो तेवढंच ध्यानात हाय."

मी सांगितलं. कंपनीतली पोरं, वढून घेतलेली खुर्ची, न वाकणारे पाय, सगळं त्यांच्याच शब्दांत. मला ते पाठ आहे. ते मान खाली घालून दुसऱ्या कुणाचं तरी भाषण ऐकावं तसं ऐकत होते.

"हे मी बोललो?"

"तुम्हीच."

"मग बरं बोललो की."

"फार चांगलं बोललात, बाबा."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

"मग हरलो कसा गं मी?"